कर्ता कोण? नगरसेवकाच्या कार्यअहवालाचे व्याकरण

२०२५ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मराठीत एम. ए. झालेली, मनापासून वाचणारी मुलगी. तिच्या हातात एका पुस्तिकेची मुद्रिते होती. तिच्या प्रभागातल्या एका माजी नगरसेवकाचा हा कार्यअहवाल. लेखन तिचे, मानधन ठरलेले, आणि छपाई दोन दिवसांवर आलेली. "सर, एकदा शुद्धलेखन बघून द्या," एवढेच तिचे म्हणणे होते.

मी पेन्सिल घेऊन बसलो. शुद्धलेखनाच्या चुका फार नव्हत्या. आमच्या विभागाने तेवढे तरी शिकवले आहे. पण चौथ्या-पाचव्या पानाशी पेन्सिल अडू लागली. अडत होती ती ऱ्हस्व-दीर्घापाशी नव्हे, वाक्याच्या घडणीपाशी. 'मिळकतकरात सवलत मिळाली.' 'प्रभागाचा सर्वांगीण विकास झाला.' 'शेकडो तरुणांना रोजगार उपलब्ध झाला.' प्रत्येक वाक्य निर्दोष होते. प्रत्येकाला कर्ताही होता: सवलत, विकास, रोजगार. मात्र सवलत देणारा, विकास करणारा, रोजगार निर्माण करणारा मनुष्य वाक्यात कोठेही नव्हता. तो सापडे तो शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाला. 'माननीयांच्या माध्यमातून', 'अथक पाठपुराव्यामुळे', 'विशेष प्रयत्नांतून'. श्रेय सगळे 'मुळे' आणि 'माध्यमातून' यांच्या पदरात, आणि क्रियापद मात्र कोणाचेच नाही. पुस्तिकेत करणाऱ्याचे नाव निःसंदिग्धपणे एकाच जागी छापले जाणार होते, मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत. तेही नियमाने छापावेच लागते म्हणून.

हा विषय साहित्याच्या पानांवर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला उलट असे वाटते की हा विषय आपलाच आहे आणि आपण तो फार काळ टाळला आहे. मराठीत आज सर्वाधिक छापले जाणारे, घरोघर पोहोचणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे गद्य कोणते, असे कोणी विचारले तर मी कार्यअहवालाचे नाव घेईन. तो एक वाङ्मयप्रकार आहे. त्याचे पूर्वज शोधायचे तर शिलालेख आणि ताम्रपट यांतल्या प्रशस्तीपर्यंत मागे जावे लागेल. तेथेही राजाची स्तुती आहे, करमाफीचा उल्लेख आहे, दानाचा डामडौल आहे. पण दानपत्राला शक असे, तिथी असे, दिलेल्या भूमीच्या चतुःसीमा असत. आणि दान मोडणाऱ्याला गधेगाळीवर शिवीही कोरलेली असे. कोणी दिले, काय दिले, कधी दिले, कोठवर दिले, हे आठ-नऊशे वर्षांनंतरही आपण वाचू शकतो. आमच्या नगरसेवकाच्या पुस्तिकेत शिलाहारांच्या ताम्रपटाइतकीही माहिती नाही. स्तुती तेवढी राहिली आणि चतुःसीमा गळून पडल्या.

आता एकेक दावा वाचून पाहू. आधी कराचा.

'मिळकतकरातील चाळीस टक्के सवलत पुन्हा मिळाली' हे पुस्तिकेतले ठळक अक्षरांतले वाक्य. वस्तुस्थिती अशी. घरमालक स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत द्यावी, असा निर्णय पुणे महापालिकेने १९७० मध्ये घेतला. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला, २०१८ मध्ये राज्य सरकारने सवलत रोखली, आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. लोक संतापले. अखेर २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे सवलत रोखणारे राज्य सरकार आणि परत देणारेही राज्य सरकारच. आणि त्या एप्रिलमध्ये पुण्यात नगरसेवक होते कोठे? २०१७ च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, जवळजवळ चार वर्षे, पालिकेवर प्रशासक होता. या काळातली अंदाजपत्रके आयुक्तांनी मांडली आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केली. सभागृह नाही, ठराव नाही, मत नाही. तरीही पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काळ छापला होता '२०१७ ते २०२५'. बखरकारालाही इतके धाडस झाले नसते.

मग या माणसाने काहीच केले नाही का? केले. सवलत मिळवण्यासाठी घरमालकांना पीटी-३ नावाचा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा लागत होता. त्याने आपल्या कार्यालयात टेबल मांडले, दोन मुले बसवली आणि म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून दिले. हे मला विद्यार्थिनीनेच सांगितले. 'आम्ही आपले अर्ज भरून दिले' हे वाक्य खरे होते, त्याला कर्ता होता, आणि ते वाचून एखाद्या आजीने समाधानाने मान डोलावली असती. पण ते वाक्य पुस्तिकेत नव्हते. लहान खरे वाक्य काढून तेथे मोठे निराधार वाक्य बसवले होते. माझी तक्रार आहे ती येथे.

करांविषयी आणखी एक गोष्ट. 'व्यापाऱ्यांची जकातीच्या जाचातून मुक्तता' हेही आमच्याकडच्या प्रचारपत्रांतले एक जुने रत्न. पुण्यात जकात संपली ती १ एप्रिल २०१३ रोजी, आणि तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. तो वर्षाला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी १ ऑगस्ट २०१५ पासून राज्याने रद्द केला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि पालिकांचा हा स्वतःचा उत्पन्नमार्ग कायमचा गेला. बदल्यात राज्य दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी भरपाई देते. यातला एकही निर्णय कोणत्याही नगरसेवकाने घेतलेला नाही. उलट या सगळ्यातून त्याचे सभागृह दुबळे झाले. कमावणारी संस्था राज्याकडून येणाऱ्या रकमेची वाट पाहणारी संस्था झाली. ज्या घटनेचा स्थानिक प्रतिनिधीने शोक करावा, तिचे तो श्रेय घेतो.

कायद्याने मात्र एक अधिकार अजून त्याच्या हाती ठेवला आहे. पुढील वर्षाच्या करांचे दर महापालिकेच्या सभेने २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. आयुक्त करवाढ सुचवतात, स्थायी समिती आणि मुख्य सभा ती मान्य करते, फेटाळते किंवा उपसूचना देऊन बदलते. २०१७ नंतरच्या पाच फेब्रुवारींत आपल्या माननीयांनी कोणत्या बाजूने हात वर केला? थकबाकीदारांच्या शास्तीत मोठी सूट देणारी अभय योजना २०२० च्या ऑक्टोबरात आली, तेव्हा वेळेवर कर भरणाऱ्याच्या बाजूने ते काही बोलले काय? पुस्तिकेत याविषयी चकार शब्द नाही. जेथे त्यांना खरोखर अधिकार होता तेथे मौन, आणि जेथे नव्हता तेथे ठळक अक्षरे.

दुसरा दावा विकासाचा. या शब्दावर आपल्या भाषेत इतके ओझे लादले गेले आहे की तो आता काहीच सांगत नाही. मूळ अर्थ उमलणे, फुलणे. पुस्तिकेत तो उमलतो तो पेव्हर ब्लॉकमध्ये. प्रभागातील कामांसाठी नगरसेवकाच्या सूचनेने अंदाजपत्रकात जी तरतूद होते तिला पुण्यात 'स' यादी म्हणतात. बाके, कमानी, कापडी पिशव्या, बादल्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी उखडून पुन्हा बसवलेले पदपथ ही त्या यादीची अपत्ये. वर्ष संपत आले की 'वर्गीकरणा'चे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसरीकडे वळवला जातो. ज्या शाळेच्या स्वच्छतागृहाची तरतूद वर्ग होऊन चौकातल्या कमानीत गेली, त्या स्वच्छतागृहाला कार्यअहवालात जागा नसते. कमानीला पूर्ण पान मिळते. शिवाय २०१७ मध्येही आणि २०२६ मध्येही पुण्यात प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे होते. एकच रस्ता चार पुस्तिकांत चार जणांच्या माध्यमातून होतो. वाचकाने चारही पुस्तिका शेजारी ठेवून वाचाव्यात. पाठभेदाच्या अभ्यासाला असे साहित्य विरळाच मिळेल.

आणि शहराची वाढ? २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुण्यात आली, आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्या पुढे गेली. पुस्तिकेतल्या भाषेत हा 'ऐतिहासिक विस्तार'. आता फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांकडे पाहा. या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. २०१७ मध्ये ती पालिकेत आली. मिळकतकराचा आकडा शहराचा आणि सोयी गावाच्याही नाहीत, ही तेथल्या लोकांची तक्रार होती. अखेर २०२४ मध्ये दोन्ही गावे पालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. कर, वाढ आणि स्थानिक सत्ता यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर या सात वर्षांसारखा दुसरा पाठ नाही. गावे घेतली कोणी, आकारणी ठरवली कोणी, पाणी दिले नाही कोणी, आणि सोडली कोणी? 'गावे समाविष्ट झाली', 'गावे वगळण्यात आली'. झाली, आली. कोणी?

तिसरा दावा रोजगाराचा, आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. कारण मुद्रिते घेऊन समोर बसलेली मुलगी स्वतःच तीन वर्षे नोकरी शोधत होती. पुस्तिकेत हिंजवडीच्या काचेच्या इमारतींचे छायाचित्र होते. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान औद्योगिक विकास महामंडळाने उभारले, तेही ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पुणे महापालिकेच्या कोणत्याही नगरसेवकाचा त्या नोकऱ्यांशी इतकाच संबंध की तेथे जाणारी मुले त्याच्या प्रभागात भाड्याने राहतात. दुसरे छायाचित्र रोजगार मेळाव्याचे. मंडप, फलक, रांगा. किती जणांनी नावे नोंदवली तो आकडा होता. किती जणांना नोकरी लागली आणि ती सहा महिन्यांनी टिकली का, याचा नव्हता.

नगरसेवकाच्या हाती रोजगार नसतोच, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याचेच उदाहरण देतो. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून ती दारोदारचा कचरा गोळा करू लागली. सभासद तीन हजारांहून अधिक, बहुतेक स्त्रिया, बहुसंख्य दलित. पगार पालिकेचा नाही. घरटी शुल्कावर त्यांचा चरितार्थ. हा करार करायचा की नाही, किती वर्षांचा करायचा, की हे काम एखाद्या ठेकेदाराला द्यायचे, हे पालिकेत ठरते. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली तेव्हा या स्त्रियांना थोड्या थोड्या मुदतवाढीवर दिवस काढावे लागले. तीन हजार घरांची चूल ज्या विषयपत्रावर अवलंबून होती ते सभागृह त्या वेळी अस्तित्वात होते आणि आपले माननीय त्यात बसत होते. ते काय बोलले? कोणत्या बाजूने? रोजगाराविषयी त्यांना विचारायचा प्रश्न हा आहे. बत्तीस पानांत त्याला अर्धी ओळ नव्हती.

येथे मला याच शहराच्या एका जुन्या सदस्याची आठवण होते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सदस्य होते. ते सरकारनियुक्त होते, निवडून आलेले नव्हते. मते मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही, हे आधीच नोंदवतो. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे म्हणून बत्तीस सदस्यांत त्यांनी एकट्याने विरोध केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. आधी शिक्षण, ही त्यांची भूमिका. आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्याच रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. गौरव योग्यच. पण ज्या वास्तूच्या खर्चाला माणसाने विरोध केला तिच्यावर त्याचे नाव कोरले जावे, यात आपल्या सार्वजनिक स्मरणाचा स्वभाव दिसतो. आपल्याला इमारत आठवते, विरोध आठवत नाही. आजच्या मापाने जोतीरावांचा कार्यअहवाल काढायला बसलो तर काय छापणार? एकही कमान नाही, एकही बाक नाही, फक्त एक 'नाही'. तरी सहा वर्षांच्या सदस्यत्वातले तेच आज दीडशे वर्षांनी सांगावेसे वाटते. कारण त्या वाक्याला कर्ता आहे. खर्च कोणाच्या खिशातून आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी पुढे 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये अधिक कठोरपणे विचारला. त्याचा सराव म्युनिसिपालिटीच्या बाकावर झाला असला पाहिजे, असे मला वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की लोकांना तुंबलेले गटार साफ करून देणारा माणूस हवा असतो. ठराव आणि उपसूचना यांच्याशी त्यांना काय करायचे? मान्य. गटार साफ करून घेणे हे प्रामाणिक काम आहे आणि मी त्याला हसत नाही. पण मग तसेच लिहा. 'अमुक तारखेला तक्रार आली, तमुक तारखेला गाडी आणली' यापेक्षा चांगले प्रचारवाक्य मला सुचत नाही. दुसरा आक्षेप असा की ही सगळीच जाहिरात आहे, जाहिरातीकडून सत्याची अपेक्षा कशाला? हा आक्षेप साहित्याच्या माणसांनी तरी घेऊ नये. जाहिरात साबणाची असते. येथे एक मनुष्य पाच वर्षे आपल्या वतीने हात वर करण्याचा अधिकार मागतो आहे. मागच्या वेळी त्याचा हात कोठे वर गेला, हे सांगण्याचे टाळण्यासाठीच ही भाषा घडवली गेली आहे. तिची अकर्तृकता ही शैलीची हौस नव्हे; ती तिची गरज आहे.

आणि ही भाषा घडवली कोणी? हा प्रश्न मी त्या नगरसेवकासाठी राखून ठेवला होता, पण मुद्रिते वाचता वाचता तो माझ्याकडेच वळला. 'उपयोजित मराठी' नावाचा विषय आपण विद्यापीठांत मोठ्या उत्साहाने आणला. मराठीच्या विद्यार्थ्यांना रोजगार मिळावा हा हेतू. त्यात आपण जाहिरातलेखन शिकवतो, अहवाललेखन शिकवतो, 'प्रभावी' भाषा कशी असावी ते सांगतो, आणि परीक्षेत त्यावर गुण देतो. माझ्या या विद्यार्थिनीला मीच बहात्तर गुण दिले होते. अहवाल लिहायला आपण शिकवले, वाचायला मात्र कधी शिकवले नाही. तिच्या प्रभागात रोजगार निर्माण झाला असेल तर तो हा एक: बत्तीस पानांचे मानधन.

मी मुद्रितांच्या समासात प्रत्येक 'झाला', 'मिळाली', 'आला' यांच्यासमोर 'कोणी?' असे लिहीत गेलो. पाचव्या पानापर्यंत अकरा वेळा झाले. मग तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "सर, मला कळतंय. पण हे असं दिलं तर ते दुसऱ्याकडून लिहून घेतील आणि माझे पैसे बुडतील." मी अकराही 'कोणी?' खोडरबराने पुसले, उरलेल्या पानांतली ऱ्हस्व-दीर्घे दुरुस्त केली आणि मुद्रिते परत दिली. पुस्तिका वेळेवर निघाली. माझ्याही दारात आली.

यंदापासून मी वर्गात एक गोष्ट करायची ठरवली आहे. उपयोजित मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रभागातल्या एकेका उमेदवाराचा कार्यअहवाल आणायचा आणि त्याच्या शेजारी मुख्य सभेची कार्यपत्रिका व मंजूर ठराव ठेवायचे. ती सार्वजनिक कागदपत्रे आहेत. मागितली तर द्यावी लागतात, नाही दिली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. मग पुस्तिकेतल्या प्रत्येक वाक्याला करणारा शोधून लावायचा. सापडला तर नाव लिहायचे. न सापडल्यास समासात 'कोणी?' असे लिहायचे, शाईने. सहकाऱ्यांनीही हे करून पाहावे. गुण कशाला द्यायचे ते नंतर ठरवू.